अधिकाराविना उत्तरदायित्व : अमेरिकेच्या पहिल्या राष्ट्रीय शासनाची कथा



स्वातंत्र्य मिळविणे आणि राज्य चालविणे या दोन भिन्न विद्या आहेत. पहिलीत पारंगत ठरलेल्यांना दुसरी अवगत असतेच असे नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे पहिले राष्ट्रीय शासन हे याचे बोधप्रद उदाहरण होय. १ मार्च १७८१ रोजी ते विधिवत् अस्तित्वात आले आणि १७८९ च्या वसंतात नव्या राज्यघटनेने त्याची जागा घेतली. आठ वर्षांच्या या अल्पायुषी शासनाची ओळख इतिहासग्रंथांत बहुधा एका परिच्छेदात उरकली जाते. तथापि राष्ट्र कशाने उभे राहते आणि कशाने खचते, हे या आठ वर्षांइतके स्पष्टपणे क्वचितच पाहावयास मिळते.

दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. लंडनच्या पार्लमेंटने लादलेले कर, राजाने नेमलेले गव्हर्नर आणि नगरात ठाण मांडून बसलेले सैन्य यांचा अनुभव घेतलेल्या वसाहतींना दूरस्थ सत्तेचे भय वाटावे, हे स्वाभाविकच होते. १७७६ मध्ये जॉन डिकिन्सन यांच्या नेतृत्वाखालील समितीने संघराज्याच्या करारनाम्याचा मसुदा तयार केला. काँग्रेसने त्यातील मध्यवर्ती अधिकार आणखी कमी करून १५ नोव्हेंबर १७७७ रोजी तो स्वीकारला. पश्चिमेकडील जमिनींच्या वादामुळे मेरीलँडची संमती मिळण्यास १७८१ साल उजाडले. स्वातंत्र्ययुद्धाचा बहुतेक काळ अशा रीतीने मान्य सनदेवाचूनच गेला.

तेरा कलमांच्या या करारनाम्याने प्रत्येक राज्याचे सार्वभौमत्व अबाधित राखले. लोकसंख्या कितीही असो, प्रत्येक राज्याला मत एकच. १७९० च्या जनगणनेत व्हर्जिनियाची वस्ती साडेसात लाखांच्या घरात, तर डेलावेअरची साठ हजारांहूनही कमी भरली. काँग्रेसमध्ये मात्र दोघांचे वजन सारखे होते. महत्त्वाच्या निर्णयाला नऊ राज्यांची, तर करारनाम्यातील दुरुस्तीला तेराही राज्यांची संमती आवश्यक होती. स्वतंत्र कार्यकारी सत्ता नव्हती, राष्ट्रीय न्यायसंस्था नव्हती. काँग्रेसचा अध्यक्ष केवळ सभेचे संचालन करी. बारभाईंचा कारभार मराठी माणसाला परिचित आहे. येथे तर तेरा भाऊ होते आणि प्रत्येकाला स्वतःचे घर वेगळे हवे होते.

या शासनाकडे कर्तव्ये मात्र कमी नव्हती. युद्ध आणि तह करणे, कर्ज काढणे, टपालव्यवस्था सांभाळणे ही सारी कामे त्याचीच. परंतु त्यासाठी लागणारा पैसा कराच्या रूपाने उभारण्याचा अधिकार त्याला नव्हता. काँग्रेसने राज्यांकडे मागणी करावी आणि राज्यांनी यथावकाश, यथाशक्ती, बहुधा यथारुची काही पाठवावे, अशी ती व्यवस्था होती. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थेच्या कार्यवाहांना हे दुःख विस्ताराने सांगावयास नको. परंतु थकबाकीदार सभासदाचे नाव ग्रंथालयाला निदान कमी तरी करता येते. काँग्रेसला तेवढीही सोय नव्हती. आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार? युद्धकाळात छापलेले कागदी डॉलर १७८१ पर्यंत कवडीमोल झाले होते.

त्याच वर्षी आयात मालावर पाच टक्के जकात बसविण्याची दुरुस्ती सुचविण्यात आली. बारा राज्ये अनुकूल झाली असता १७८२ मध्ये एकट्या ऱ्होड आयलंडने नकार दिला आणि योजना बारगळली. पुढील वर्षी ती नव्या स्वरूपात मांडली गेली. १७८६ मध्ये न्यूयॉर्कने घातलेल्या अटींमुळे तीही निष्फळ ठरली. सर्वसंमतीचा नियम सर्वांच्या संरक्षणासाठी केलेला होता. प्रत्यक्षात त्याने एकाला सर्वांवर राज्य करण्याची मुभा दिली.

याची झळ प्रथम सैनिकांना लागली. ज्यांनी रक्त सांडले, त्यांचेच वेतन थकले. मार्च १७८३ मध्ये न्यूबर्ग येथील छावणीत अधिकाऱ्यांचा असंतोष उसळला, तो जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या वैयक्तिक प्रभावामुळेच शमला. जूनमध्ये वेतनासाठी खवळलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसच्या सभागृहाला वेढा दिला. पेनसिल्व्हेनियाच्या शासनाने रक्षणासाठी फौज बोलाविण्यास नकार दिला आणि जगातील बलाढ्य साम्राज्याला नमविणाऱ्या राष्ट्राच्या काँग्रेसला प्रिन्स्टनचा रस्ता धरावा लागला. त्यानंतर ॲनापोलिस, ट्रेंटन, न्यूयॉर्क अशी तिची भ्रमंती चालू राहिली.

३ सप्टेंबर १७८३ च्या पॅरिसच्या तहाने स्वातंत्र्य जगन्मान्य झाले. तहाला सहा महिन्यांत मान्यता देऊन मान्यतापत्रांची देवघेव व्हावयाची होती. परंतु मान्यतेसाठी लागणाऱ्या नऊ राज्यांचे प्रतिनिधीच काँग्रेसमध्ये जमेनात! १४ जानेवारी १७८४ रोजी एकदाची मान्यता मिळाली. मान्यतापत्रांची देवघेव होईपर्यंत मुदत उलटूनही गेली. अशा शासनाची परदेशात काय पत्रास राहणार? इंग्रजांचे कर्ज फेडण्याचे व राजनिष्ठांना न्याय देण्याचे कलम राज्ये पाळीनात, हे कारण पुढे करून इंग्लंडने डेट्रॉइट, नायगारा यांसारखी ठाणी सोडली नाहीत. १७८४ मध्ये स्पेनने मिसिसिपी नदीच्या मुखाकडील वाहतूक अमेरिकनांना बंद केली. काँग्रेसच्या हाती निषेधापलीकडे काही नव्हते.

अखेरचा धक्का घरातूनच बसला. मॅसॅच्युसेट्समध्ये जड कर आणि कर्ज यांनी शेतकरी गांजले होते. त्यांतील अनेक जण युद्धात लढलेले होते. न्यायालये त्यांच्या जमिनी जप्त करू लागली, तेव्हा १७८६ मध्ये त्यांनी न्यायालयेच बंद पाडली. २५ जानेवारी १७८७ रोजी डॅनियल शेज यांच्या नेतृत्वाखाली ते स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले; तोफांच्या माऱ्यात चौघे मृत्युमुखी पडले. शस्त्रागार राष्ट्राचे; रक्षण केले ते राज्याच्या नागरी फौजेने. बंड मोडण्यासाठी उभारलेल्या सैन्याचा खर्च तर बॉस्टनच्या धनिकांनी खासगी वर्गणीतून भागविला. दुर्बल शासन म्हणजे सौम्य शासन, ही समजूत येथे खोटी ठरली. त्या शेतकऱ्यांना दिलासा देण्याचे सामर्थ्यही त्या शासनात नव्हते आणि त्यांना आवरण्याचेही नव्हते.

या शासनाला केवळ दोष देणे अन्यायाचे होईल. युद्धाची यशस्वी सांगता त्याच्याच काळात झाली. १३ जुलै १७८७ च्या वायव्य प्रदेशाच्या अधिनियमाने नव्या भूमीत गुलामगिरीला बंदी केली आणि तेथील भावी राज्यांना जुन्या राज्यांच्या बरोबरीचे स्थान देऊ केले. माणसे कर्तबगार होती. त्यांच्या हाती दिलेले साधन अपुरे होते.

हे निदान ज्यांनी नेमके केले, त्या जेम्स मॅडिसन यांची हकीकत ग्रंथालयाच्या व्यासपीठावरून सांगण्याजोगी आहे. पॅरिसमध्ये राजदूत असलेल्या थॉमस जेफर्सन यांच्याकडून त्यांनी पेट्या भरभरून ग्रंथ मागविले. १७८६ मध्ये प्राचीन ग्रीक संघांपासून स्वित्झर्लंड व नेदरलँड्सपर्यंतच्या राज्यसंघांचा अभ्यास करून त्यांनी टिपणे काढली आणि एप्रिल १७८७ मध्ये स्वदेशाच्या व्यवस्थेतील दोष क्रमवार नोंदविले. निष्कर्ष असा, की जे शासन केवळ राज्यांना उद्देशून बोलते, त्याची आज्ञा ही विनंतीच राहते; त्याचा संबंध थेट नागरिकांशी जडला पाहिजे. त्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात ५५ प्रतिनिधी घटनेसाठी जमले, तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन यांच्या पुढाकाराने १७३१ मध्ये स्थापन झालेल्या तेथील ग्रंथालयाने आपली ग्रंथसंपदा त्यांना खुली केली.

१७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी नव्या घटनेवर स्वाक्षऱ्या केल्या. ती अमलात येण्यास तेराऐवजी नऊच राज्यांची संमती पुरेशी मानली गेली. जुन्या भयालाही अर्थ होता, म्हणूनच १७९१ मध्ये नागरिकांच्या हक्कांची सनद घटनेला जोडावी लागली. मात्र गुलामगिरीशी केलेली तडजोड घटनेत राहिली आणि राज्यांना संघातून फुटता येते काय, हा प्रश्नही मोकळाच राहिला. त्याचे उत्तर १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात रक्ताने लिहावे लागले.

त्या युद्धाची आठवण ४ नोव्हेंबर १९४८ रोजी भारताच्या घटना समितीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी करून दिली. भारताचा संघ हा राज्यांनी आपसांत केलेल्या कराराचे फळ नाही, म्हणून कोणत्याही राज्याला त्यातून फुटता येणार नाही, हे आरंभीच स्पष्ट करणे त्यांना श्रेयस्कर वाटले. एका राष्ट्राने किंमत मोजून घेतलेला धडा दुसऱ्याला अभ्यासाने घेता आला. ग्रंथांचे आणि ते जतन करणाऱ्या संस्थांचे प्रयोजन याहून वेगळे ते काय?