खुलताबादचा रिकामा मकबरा

खुलताबादला आपण जातो ते भद्रा मारुतीला, जर्जरी जर बक्षच्या उरुसाला, नाहीतर औरंगजेबाची कबर बघायला. तिथं टेकडीवर आणखी एक घुमट आहे. तिकडं सहसा कुणी वळत नाही, कारण आत कुणी पुरलेलंच नाही. हा मकबरा बांधला तुर्कांचे शेवटचे खलिफा दुसरे अब्दुल मजीद यांच्यासाठी. इस्तंबूलचा माणूस मराठवाड्यात कसा? तर सोयरिकीमुळे.

३ मार्च १९२४ रोजी तुर्कस्ताननं खिलाफत रद्द केली आणि खलिफांना कुटुंबासह देशाबाहेर काढलं. ते स्थिरावले फ्रान्समध्ये, नीस शहरात. माणूस रसिक होता, स्वतः चित्रकार. बीथोवनचं संगीत ऐकणाऱ्या राजवाड्यातल्या स्त्रिया त्यांनी रंगवल्या आहेत. मुलगी दुर्रेशहवार तेव्हा दहा वर्षांची. ती वाढली फ्रेंच समुद्रकिनाऱ्यावर. जन्मानं तुर्की, पण वळण युरोपचं. घरखर्चाला निजामाकडून दरमहा पैसे येत.

तोच निजाम, मीर उस्मान अली खान, पुढं व्याही झाला. जगातला सर्वांत श्रीमंत म्हणून ज्याचं नाव घेतलं जाई, त्यानं मेहेरच्या रकमेवरून घासाघीस केली असं सांगतात. मौलाना शौकत अलींनी मध्यस्थी केली आणि त्याच रकमेत दुसरी सूनही मिळाली म्हणे! ती नीलोफर, त्याच उस्मानी घराण्यातली. १२ नोव्हेंबर १९३१ला नीसमध्ये दोन्ही निकाह लागले. दुर्रेशहवार सतरा वर्षांची, नीलोफर पंधराची.

मी ही हकीकत नानीला सांगितली होती. तिचंही लग्न पंधराव्या वर्षीच झालेलं. खिलाफत, निजाम, हिरेमोती, सगळं तिनं सुपारी कातरत ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "छोरी खुश थी क्या?"

मला उत्तर देता आलं नाही. हैदराबादचा जनाना म्हणजे कडक पडदा. या दोघी पडद्यात बसल्या नाहीत. साड्या नेसून समारंभांना गेल्या, लोकांत मिसळल्या. उंचपुऱ्या दुर्रेशहवारचं निजामाला भारी कौतुक होतं. इतकं, की वारस नेमताना त्यानं मुलाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला डावललं आणि तिच्या मुलाला, मुकर्रम जाहला पुढं केलं. संसार मात्र टिकला नाही. ती वेगळी झाली, लंडनला राहिली. नीलोफरला मूल झालं नाही. १९५२ मध्ये तिचाही घटस्फोट झाला. तिची एक दासी बाळंतपणात गेली, तेव्हा तिनं स्त्रियांच्या आणि मुलांच्या दवाखान्याचा आग्रह धरला. हैदराबादचं नीलोफर हॉस्पिटल ते हेच. आपल्या भागातल्याही कितीतरी आया तिथं लेकरं घेऊन गेल्या असतील. नाव कुणाचं, हे विचारायला सवड कुणाला असते?

आणि मकबरा? ऑगस्ट १९४४ मध्ये खलिफा पॅरिसमध्ये वारले. बापाला मायदेशाची माती मिळावी म्हणून दुर्रेशहवारनं तुर्कस्तानच्या राष्ट्राध्यक्षांकडं विनंती केली. नकार आला. जवळजवळ दहा वर्षं मय्यत पॅरिसच्या मशिदीत ठेवलेली होती. सासरचं अमाप वैभव, पण लेकीला बापाचं दफन करता येईना. मध्येच १९४८ साली पोलीस कारवाई झाली, संस्थानच उरलं नाही. अखेर १९५४ मध्ये मदिनेत दफन झालं.

दुर्रेशहवार २००६ मध्ये लंडनला वारली. मातीही तिला इंग्लंडचीच मिळाली. नीलोफर आधीच, १९८९ मध्ये पॅरिसला गेली होती. मी मागच्या पावसाळ्यात टेकडीवर गेले, तेव्हा घुमटाच्या सावलीत एक बाई शेळ्या घेऊन बसल्या होत्या. हा कुणाचा, म्हणून मी विचारलं. "कोणाचा न्हाई बाई," त्या म्हणाल्या, "रिकामाच हाये."