लेखणी वाचकाच्या हाती, छापखाना कोणाच्या?

(नाकाडोंगरी येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मुख्य भाग)



येथून जवळच असलेल्या डोंगरी बुजुर्गच्या खाणीतील मँगनीज कोरड्या बॅटरीसाठी जाते. एके काळी अशाच सेलवर घरोघरी ट्रान्झिस्टर वाजत. परंतु ज्यांनी ते खनिज खणले त्यांच्या मजुरीची बातमी त्या ट्रान्झिस्टरवर कितीदा ऐकू आली? बोलणारे एकीकडे, ऐकणारे दुसरीकडे, अशी ती वाटणी होती. हे यंत्र श्रोत्याला ऐकवते, पण बोलू देत नाही, अशी तक्रार जर्मन नाटककार ब्रेख्तने १९३२ सालीच केली होती.

आता फोनमुळे वाचक हाच वार्ताहर झाला, असे म्हणतात. त्याचे मी स्वागतच करतो. मात्र हे प्रथमच घडत आहे, हा समज चुकीचा आहे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली पुण्यात काढलेले ‘दीनबंधु’ पुढे मुंबईत चालविणारे नारायण मेघाजी लोखंडे स्वतः गिरणीत नोकरी केलेले गृहस्थ होते. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांचे ‘दीनमित्र’ तर १९१० पासून १९६७ पर्यंत तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील खेड्यातून निघत असे. ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्यातलेच लिहिणारे होते, आणि पत्रही त्यांचेच होते.

आज लिहिणारे आपण, पण पत्र आपले नाही. फेसबुक, यूट्यूबसाठी आपण फुकट मजकूर पुरवितो. त्याभोवती जाहिराती विकतात त्या परदेशी कंपन्या. आपल्या जिल्ह्यातील बिडी कामगार स्त्रीला हजार बिड्यांमागे, कितीही तुटपुंजी असो, मजुरी मिळते. ठेकेदाराने छाट काढली तर निदान ती डोळ्यांना दिसते. तुमचा मजकूर कंपनीच्या यंत्राने दडपला, तर तुम्हाला पत्ताही लागत नाही. लेखक-वाचक हा भेद पुसट झाला असेल. मालक आणि राबणारा हा भेद जागच्या जागी आहे.

दुसरी गोष्ट कटू आहे, पण सांगितली पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळविणारे समजून भटक्या समाजातील पाच जणांना जमावाने ठेचून मारले. त्या दिवसांत तशा अफवा फोनवरून पसरत होत्या. त्या पुढे ढकलणारे स्वतःला साधे वाचक समजत असतील. वास्तविक ते प्रकाशक होते. संपादकाने जी शहानिशा करायची, ती आता बोट उचलणाऱ्या प्रत्येकाने करायला हवी, आणि आपले कार्यकर्तेही यात निर्दोष नाहीत.

मघाशी एका साथीने विचारले, ठेकेदाराविरुद्ध लिहिले आणि काम गेले तर? प्रश्न रास्त आहे. फोनवर लिहिणारा एकटा उघडा पडतो; पत्रात त्याच्या आणि ठेकेदाराच्या मध्ये संपादक उभा असतो. म्हणून ठिकाण, तारीख आणि स्वतः पाहिलेले तेवढे लिहून प्रथम साप्ताहिकाकडे पाठवा. नाव छापू नका म्हटले तर छापणार नाही. जाब विचारायला कोणी आलाच, तर त्याने कार्यालयात यावे.