‘तुला भाऊ आणू’ म्हणण्याआधी
(देगलूर इथल्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण)



घरात दुसऱ्यांदा दिवस गेले की आपण तयारी कशाची करतो? दुपटी, झबली, डिंक-अळीव, दवाखान्याचे पैसे. पण घरात आधीच एक लेकरू आहे, त्याची तयारी कोण करतं? पुष्कळ घरांत ती अशी होते. तीन-चार वर्षांच्या पोरीला जवळ घेऊन विचारतात, ‘‘सांग बाई, आईच्या पोटात भाऊ आहे की बहीण?’’ ‘भाऊ’ म्हणाली की हातावर गूळ. ‘बहीण’ म्हणाली की सगळ्यांचे चेहरे उतरतात. पुढच्या वेळी ती बरोबर ‘भाऊ’ म्हणते. लेकराच्या तोंडून देव बोलतो असं आपण समजतो. लेकरू मात्र आपले चेहरे वाचून बोलत असतं.

यातून ती दोन गोष्टी शिकते. मी एकटी या घराला पुरत नाही, आणि बहीण होणं वाईट. मग खरंच बहीण झाली की आपलीच माणसं म्हणतात, ‘‘हिच्या पाठीवर पोरगीच आली.’’ दोष चार वर्षांच्या पोरीच्या पाठीचा! मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावरून ठरतं. तिथं आईच्या कुशीचा दोष नाही, तर लेकीच्या पाठीचा कुठून येणार?

‘पहिली बेटी, धनाची पेटी’ असं आपण कौतुकानं म्हणतो. दुसरीसाठी अशी म्हण नाही. तिच्या वाट्याला ‘नकोशी’, ‘नकुसा’ अशी नावं आली. साताऱ्यात 2011 साली जिल्हा परिषदेनं अशा अडीचशेहून जास्त मुलींची नावं समारंभानं बदलली. पण नकोशी हे नाव मिळायलाही आधी जन्माला यावं लागतं. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे 1991 साली 946 मुली होत्या, 2001 साली 913, आणि 2011 साली 894. आपल्या मराठवाड्यातल्या बीड जिल्ह्यात 2011 साली 807.

‘दोनच मुलं हवीत, त्यात एक मुलगा हवाच’ असं ठरलं की सगळा भार दुसऱ्या बाळंतपणावर येतो. म्हणून हा विषय नुसता मुलांच्या संगोपनाचा नाही. मुंबईतल्या स्त्री-संघटनांनी 1986 पासून लढा दिला, तेव्हा 1988 साली महाराष्ट्रात गर्भलिंगतपासणीविरुद्ध कायदा झाला आणि 1994 साली देशाचा. देगलूर सीमेवरचं गाव; आपल्या सोयरिकी तेलंगणात आणि कर्नाटकातही. पण सीमा ओलांडली म्हणून हा कायदा मागं राहत नाही. तपासणी करायला लावणारा नवरा, नातेवाईक यांनाही शिक्षा होऊ शकते. बाईवर दबाव आला असंच कायदा आधी धरून चालतो. हे प्रत्येक सुनेला आणि प्रत्येक सासूला माहीत हवं.

मग लेकराची तयारी कशी करायची? पहिलं म्हणजे ‘भाऊ आणू’ न म्हणता ‘बाळ येणार आहे’ म्हणा. पोट दिसू लागलं की सांगा. ते बाळ आल्या आल्या खेळणार नाही, रडेल, झोपेल, हेही सांगा.

दुसरं, आईचं काम बापानं आधीच हाती घ्यावं. सातव्या महिन्यापासून लेकराची अंघोळ, जेवण, झोपवणं त्याला जमलं पाहिजे. आई दवाखान्यात गेल्यावर एकदम सगळं बदललं तर लेकरू घाबरतं. अंगावरचं दूध तोडायचं असेल तर आधीच, हळूहळू तोडा. कडुलिंब लावायचा, लेकराला आजोळी पाठवायचं आणि परत येईतो कुशीत दुसरं बाळ, असं करू नका.

तिसरं, बाळ आल्यावर मोठं लेकरू पुन्हा अंथरूण ओलं करेल, दूध मागेल. तो हट्ट नाही, भीती आहे. मारू नका. दिवसातला थोडा वेळ एकट्या त्याच्यासाठी ठेवा.

चौथं, पाच वर्षांची पोर ताई झाली म्हणजे आई झाली नाही. दुपटं आणून देईल, पाळण्याची दोरी ओढेल. पण बाळ सांभाळायला म्हणून तिची अंगणवाडी, शाळा बंद व्हायला नको. मोठा मुलगा असेल तर त्यालाही हीच कामं द्या.

पाचवं, बारशाला आत्याच्या शेजारी त्या थोरल्या लेकराला बसवा. बाळाच्या कानात नाव त्यालाही सांगू द्या. आणि दुसरी मुलगी झाली तरी बारसं तेवढ्याच थाटात करा, पेढेच वाटा. 2022 पासून मातृवंदना योजनेत दुसरं अपत्य मुलगी असेल तर अटींत बसणाऱ्या आईला 6000 रुपये मिळतात. अंगणवाडीताईंना विचारा, हक्कानं घ्या.

शेवटी एवढंच. आपापल्या गल्लीत आज कुणाला दुसऱ्यांदा दिवस गेले आहेत ते आपल्याला माहीत असतं. या आठवड्यात त्या घरी जाऊन बसू या. सुनेशी बोलू, सासूशी बोलू, नवऱ्यालाही बसवून घेऊ. आणि थोरल्या लेकराला कुणी ‘भाऊ की बहीण’ विचारू लागलं, तर तिथंच थांबवू या.