मसलत

‘मसलत’ हा शब्द मराठीत अरबीतून आला. आज तो कटकारस्थानाला चिकटला आहे. मूळ अर्थ मात्र हिताचा विचार. कुराणाच्या ४२व्या सूरेचे नावच ‘शूरा’, म्हणजे सल्लामसलत.

परवा सावेडीतले एक पाळक भेटले. त्यांच्या मंडळीत आधी छत दुरुस्त करायचे की मुलांसाठी खोली बांधायची, यावर दोन तट होते. तीन बैठकांनंतर छताचे ठरले. पाळक म्हणाले, ‘‘छत होईलच. खोली मागणारे दुसऱ्याच दिवशी वर्गणी घेऊन आले, त्यासाठी मी देवाचे आभार मानले.’’

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१मध्ये सुरू झाले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला सहा मंडळ्यांचे मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्याची बोलणी १९२९पासून चालली होती. बाप्तिस्मा तान्ह्या मुलाला द्यावा की जाणत्याला, हा मोठा पेच. शेवटी दोन्ही रीती मान्य झाल्या. कुणालाही आपल्या वाडवडिलांची रीत खोटी म्हणावी लागली नाही. मेथडिस्टांची एक मोठी मंडळी ऐनवेळी बाहेर राहिली, हेही खरे.

एक्केचाळीस वर्षे! हात वर करून मते मोजायला पाच मिनिटे पुरतात. पण ज्याचे मत पडले, त्याला घर अजून आपलेच वाटावे, यासाठी बसावे लागते, ऐकावे लागते. मशिदीच्या कमिटीत, ग्रामसभेत, सोसायटीत आपण तेवढे बसतो का?