नसलेली माणसे कोठून येतात?



वृद्धापकाळी बुद्धीचा ऱ्हास करणाऱ्या रोगांविषयी बोलताना आपण बहुधा विस्मरणापाशीच थांबतो. नावे आठवत नाहीत, वाटा चुकतात, हिशेब जुळत नाहीत, एवढेच या रोगांचे रूप आहे असा सर्वसाधारण समज आहे. आज मी त्यांच्या एका निराळ्या लक्षणाविषयी बोलणार आहे. काही रुग्णांना जे समोर नाही ते दिसू लागते. खोलीच्या कोपऱ्यात दोन मुले बसलेली असतात, पलंगाखालून मांजर जाते, दाराशी कोणी अनोळखी मनुष्य उभा राहतो. ही चित्रे अंधूक नसतात. मुलांच्या कपड्यांचे रंगदेखील रुग्ण सांगू शकतो. ती मुले बहुधा बोलत नाहीत आणि रुग्ण पुष्कळदा घाबरतही नाही. ‘त्यांना काही खायला द्या’ असे तो शांतपणे सांगतो. भय वाटते ते घरच्या माणसांना. मग कोणी बाहेरची बाधा म्हणतो, कोणी वेड लागले म्हणतो, तर कोणी म्हणतो की म्हातारपणी आपल्याकडे लक्ष वेधून घेण्याची ही तऱ्हा आहे. या तिन्ही समजुतींमुळे रुग्णाचे हाल वाढतात. म्हणून या चित्रांचा उगम कोठे आहे हे समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. अंधारात पडलेल्या दोरीवर सापाचा भास होतो, हा दृष्टांत आपल्या परंपरेत सर्वांना ठाऊक आहे. तेथे साप नसला तरी दोरी असते. भासाला काहीतरी आधार असतो. दोरीसुद्धा नसताना साप दिसला, तर त्याला मानसशास्त्रात निर्वस्तुभ्रम म्हणतात. हा भेद उपयुक्त आहे. मात्र आज आपण ज्या रोगाकडे पाहणार आहोत, त्यात ही सीमारेषा पुसट होते, हे पुढे ध्यानात येईल.

या विषयाची एक प्रसिद्ध नोंद स्वित्झर्लंडमधील जिनीव्हा शहरातली आहे. निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बॉने यांनी १७६० साली आपल्या आजोबांची हकीकत प्रसिद्ध केली. आजोबांचे वय नव्वदीच्या घरात होते व मोतीबिंदूमुळे त्यांची दृष्टी बरीच गेलेली होती. बुद्धी मात्र शाबूत होती. त्यांना माणसे, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. आणि ही दृश्ये खरी नाहीत हेही त्यांना पक्के कळत असे. डोळ्यांकडून येणारा मजकूर तुटला की दृष्टीचे काम करणारा मेंदूचा भाग स्वस्थ बसत नाही, तो स्वतःच चित्रे निर्माण करू लागतो, असा याचा अर्थ आज लावला जातो. १९९८ साली लंडनमधील संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूतील हालचालींची प्रतिमा प्रत्यक्ष भास होत असताना घेतली. ज्यांना रंग दिसत होते त्यांच्या मेंदूतील रंग ओळखणारा भाग, आणि ज्यांना चेहरे दिसत होते त्यांच्या मेंदूतील चेहरे ओळखणारा भाग त्या वेळी जागृत होता. म्हणजे रुग्ण कल्पना रचून सांगत नव्हता. त्याच्या मेंदूत पाहण्याची क्रिया खरोखरच चालू होती. तिला बाहेरची वस्तू तेवढी नव्हती.

बुद्धिऱ्हासाच्या रोगात मात्र डोळे बऱ्यापैकी चांगले असतानाही असे घडते. त्याचा धागा वेगळ्या दिशेने सापडला. फ्रीड्रिख लेवी या जर्मन वैद्याने १९१२ साली कंपवाताने मृत्यू पावलेल्या रोग्यांच्या मेंदूत, चेतापेशींच्या आत, गोल गोळ्यांसारखे पुंज पाहिले. १९१९ मध्ये पॅरिस येथे त्रेत्याकोव्ह यांनी त्यांना ‘लेवी पुंज’ असे नाव दिले. पुढे दीर्घकाळ हे पुंज कंपवाताचीच खूण मानले जात. १९७६ साली जपानमधील केंजी कोसाका यांनी एका रुग्णाचे वर्णन केले, ज्याच्या मेंदूच्या वरच्या सुरकुतलेल्या थरातही, म्हणजे विचार व आकलन जेथे चालते त्या भागातही, असे पुंज पसरलेले होते. त्यानंतर अशी अनेक उदाहरणे पुढे आली. १९९६ साली या रोगाचे निदान कसे करावे याचे सर्वमान्य निकष प्रसिद्ध झाले, आणि वारंवार दिसणारी सुस्पष्ट दृश्ये हे त्याचे एक प्रमुख लक्षण ठरले. १९९७ साली लेवी पुंजांचा मुख्य घटक आल्फा-सिन्यूक्लिन नावाचे प्रथिन आहे, असा शोध लागला. निरोगी पेशीतही हे प्रथिन असते. रोगात ते चुकीच्या रीतीने गुंडाळले जाते व साचत जाते. लेवी पुंजांच्या या बुद्धिऱ्हासात बहुसंख्य रुग्णांना दृश्यभ्रम होतात; काही पाहण्यांत हे प्रमाण ८० टक्क्यांपर्यंत आढळले आहे. अल्झायमर रोगातही ते होतात, परंतु कमी जणांना आणि बहुधा रोग बराच पुढे गेल्यावर.

आता मेंदूच्या आत नेमके काय बिघडते ते पाहू. डोळ्यांकडून आलेला संदेश प्रथम डोक्याच्या मागच्या बाजूच्या खंडात पोहोचतो. तेथे रेषा, कडा, रंग, हालचाल यांची छाननी होते. पुढे तो कानाजवळच्या शंखखंडाच्या खालच्या बाजूने जातो, आणि ‘हा चेहरा’, ‘हे झाड’, ‘हे मांजर’ अशी ओळख तेथे पटते. या रुग्णांच्या मागच्या खंडात साखरेचा वापर मंदावलेला दिसतो. म्हणजे तो भाग जणू अर्ध्या पगारी काम करीत असतो. नवल असे की पुंज तेथे फारसे नसतात. सिडनी येथील संशोधकांनी २००२ साली मरणोत्तर तपासणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत असे दिसले की ज्यांना जिवंतपणी स्पष्ट आकृती दिसत, त्यांच्या शंखखंडात, विशेषतः भावनांशी निगडित असलेल्या बदामाच्या आकाराच्या केंद्रात व त्याच्या शेजारच्या भागात, पुंजांची दाटी अधिक होती. मागून येणारा मजकूर अपुरा, आणि त्याला ओळख देणारी पेढी रोगग्रस्त, अशी ही दुहेरी अडचण आहे.

तिसरी गोष्ट रसायनाची आहे. मेंदूच्या तळाशी असलेला पेशींचा एक लहानसा समूह ॲसिटिलकोलीन नावाचे द्रव्य मेंदूच्या वरच्या थराला पुरवितो. त्यायोगे आपले अवधान टिकते, आणि महत्त्वाचा संदेश कोणता व निरर्थक गलबला कोणता याची निवड होते. लेवी पुंजांच्या रोगात या पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. या द्रव्याच्या अभावी काय होते ते आपल्याकडे खेडोपाडी लोकांना शतकानुशतके ठाऊक आहे. धोत्र्याचे बी पोटात गेलेला मनुष्य हवेतल्या वस्तू वेचू लागतो, नसलेल्या माणसांशी बोलतो. धोत्र्यातील विषारी द्रव्ये ॲसिटिलकोलीनचेच काम अडवितात. धोत्र्याचा अंमल काही तासांत वा दिवसांत उतरतो. रोगातील तूट कायमची असते.

चौथी बाब झोपेची. स्वप्नाच्या वेळी आपले स्नायू सैल पडतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी आपण अंथरुणातच असतो. या रोगात तो बंध सुटतो. रुग्ण झोपेत ओरडतो, हातपाय झाडतो. आणि हे लक्षण विस्मरणाच्या कित्येक वर्षे आधीपासून दिसू शकते. झोप व जागृती यांचे नियमन करणारी मेंदूच्या देठातील केंद्रेही पुंजांच्या तडाख्यात सापडतात, हे त्याचे कारण. फ्रेंच वैद्य लेर्मीत यांनी १९२२ मध्येच एका वृद्ध स्त्रीची हकीकत नोंदविली होती. तिला सायंकाळी प्राणी दिसत, आणि तिच्या डोळ्यांच्या हालचालींतील बिघाडावरून इजा मेंदूच्या देठात असावी असे त्यांनी अनुमान केले होते. स्वप्नाचा काही अंश जागेपणी पाझरतो की काय, असा विचार त्यामुळे पुढे आला.

हे सारे एकत्र कसे जुळते? आपण समजतो तसे पाहणे हे छायाचित्र घेण्यासारखे नसते. मेंदू क्षणोक्षणी अंदाज बांधतो आणि डोळ्यांकडून आलेल्या मजकुराशी तो ताडून पाहतो. दोरीला साप समजणारा मनुष्य दिवा आणतो, निरखून पाहतो आणि अंदाज बदलतो. या रोग्याजवळ अंदाज करणारी यंत्रणा शिल्लक असते, पण दिवा मंद असतो आणि निरखून पाहणारे अवधान टिकत नाही. तेव्हा पडद्याच्या घडीचा मनुष्य होतो, आणि तो मनुष्यच राहतो. जपानमधील संशोधकांनी २०१२ साली अशा रुग्णांना फुलांची, डोंगरांची, साधी निसर्गचित्रे दाखविली. रुग्णांना त्यांत चेहरे व प्राणी पुष्कळच अधिक दिसले. दोरीवरचा साप आणि दोरीवाचूनचा साप यांतील अंतर येथे थोडेच उरते.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय, असे आपण विचाराल. सर्वांत मोठा उपयोग सावधगिरीचा आहे. भास होतात म्हणून अशा रुग्णाला मनोविकारांवरची जुनी तीव्र औषधे, उदाहरणार्थ हॅलोपेरिडॉल, दिली जातात. १९९२ साली न्यूकॅसल येथील वैद्यांनी दाखवून दिले की लेवी पुंजांच्या रोगात ही औषधे घेणाऱ्यांपैकी सुमारे निम्म्या रुग्णांना गंभीर अपाय झाला; शरीर ताठरले, शुद्ध हरपू लागली, काहींचे प्राण लवकर गेले. उलट ॲसिटिलकोलीन टिकवून धरणाऱ्या रिव्हास्टिग्मिनसारख्या औषधाने काहींचे भास कमी होतात, हे २००० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. सर्दीवरच्या, झोपेच्या वा लघवीच्या तक्रारींवरच्या काही साध्या औषधांत धोत्र्यासारखाच गुण थोड्या प्रमाणात असतो. तीही वैद्याला दाखवून घ्यावीत. भास अकस्मात वाढले तर मूत्रमार्गाचा संसर्ग, ताप किंवा शरीरातील पाण्याची तूट यांचा शोध घ्यावा. खोलीत पुरेसा उजेड असावा, चष्मा बरोबर असावा, मोतीबिंदू असल्यास त्याचा इलाज व्हावा, आणि चित्रविचित्र नक्षीचे पडदे काढून साधे लावावेत. अंदाज ताडून पाहण्यासाठी मेंदूला यामुळे जे थोडे साहाय्य मिळते, तेही मोलाचे असते.

राहता राहिला बोलण्याचा प्रश्न. ‘येथे कोणीही नाही, तुम्ही काहीतरीच बोलता’ असे दरडावण्याने रुग्णाला आपले म्हणणे सोडता येत नाही. तो फक्त बोलायचे सोडतो. त्याच्या भासात सामील होऊन खोट्या पाहुण्यांना चहा विचारण्याचेही कारण नाही. ‘मला कोणी दिसत नाही, पण तुम्हांला दिसते आहे हे खरे, भीती वाटते का?’ एवढे विचारणे पुरे. दिवा लावावा, जवळ बसावे, हात धरावा. भास त्रासदायक नसेल तर त्याच्यावर औषधाची घाई करू नये.

त्या मनुष्याने आपले डोळे आणि मेंदू यांच्यावर जन्मभर विश्वास ठेवला, जसा आपण सारेच ठेवतो. आज त्याचा मेंदू त्याला चुकीची साक्ष देतो आहे. साक्ष घेणारा मात्र प्रामाणिकच आहे. घरच्यांनी एवढे ओळखले, तर रोग बरा झाला नाही तरी त्याच्या बोलण्याला घरात स्थान राहील, आणि त्याला काय दिसते हे तो वैद्यालाही मोकळेपणाने सांगू शकेल.