जुन्नरातला परका माणूस



प्रवासवर्णन म्हटले की आपले मन परमुलुखात धावते. आज आम्ही तुम्हांला उलट दिशेने नेणार आहोत. परमुलुखातल्या माणसाच्या डोळ्यांनी आपलेच जुन्नर पाहू.

रशियातील त्वेर गावचा अफनासी निकितीन हा व्यापारी पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात चौल बंदरात उतरला. विकण्यासाठी शंभर रुबल खर्चून आणलेला एक घोडा त्याच्यापाशी होता. घाट चढून तो जुन्नरास आला आणि पावसाळ्यात येथेच राहिला. त्याच्या टिपणांत चार महिने चाललेला पाऊस आहे, चिखल आहे, आणि त्याच चिखलात चाललेली नांगरट व पेरणी आहे. खडकावरच्या शहराची वाट इतकी अरुंद, की दोन माणसांना शेजारून जाता येत नाही, असेही तो सांगतो. शिवनेरी चढलेल्यांना हे पटेल. येथला असदखान पदरी हत्तीघोडे असून माणसांच्या खांद्यांवरून फिरे, हेही त्याने टिपले. आमच्यासारख्या युनियनवाल्याच्या नजरेतून ती नोंद सुटणे कठीण!

या खानाने त्याचा घोडा ओढून नेला. वर अट घातली : आमचा धर्म घे, घोडा परत मिळेल आणि हजार मोहरा मिळतील, नाही तर घोडा गेला आणि हजार मोहरा तूच भर. मुदत चार दिवसांची. तेवढ्यात खोजा महंमद नावाचा खुरासानी गृहस्थ गावात आला. निकितीनने त्याचे पाय धरले. महंमद स्वतः खानाकडे गेला, रदबदली केली आणि घोडा सोडवून आणला. धर्म एकाचा एक, दुसऱ्याचा दुसरा. पण परक्या मुलुखात एकटे पडणे म्हणजे काय, हे त्या खुरासान्याला ठाऊक असावे.

पण मित्रहो, महंमद त्या दिवशी आलाच नसता तर? भला माणूस भेटणे हे नशीब झाले. नशिबावर पोट चालत नाही. त्याला व्यवस्था लागते.

ती व्यवस्था या भूमीला नवी नाही. जुन्नरच्या लेण्यांतील प्राचीन शिलालेख पाहा. बुरुडांच्या, कासारांच्या, धान्यविक्यांच्या श्रेणी तेथे नावानिशी नोंदल्या आहेत. लोक त्यांच्याकडे विश्वासाने दानाची ठेव ठेवीत. त्याच लेण्यांत चिट नावाच्या यवनाने भिक्षुसंघाला भोजनमंडप दिल्याचा लेख आहे. परक्याचे नाव आपल्या माणसांच्या नावांबरोबरच दगडात कोरले गेले.

आज ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या जुन्नर-आंबेगावात येतात, उसाच्या फडाशेजारी कोप्या घालून राहतात. पश्चिमेकडच्या डोंगरातले ठाकर, महादेव कोळी बांधव बागायतीत मजुरीला उतरतात. उचल घेतलेल्या मजुराचा हिशेब बहुधा मुकादमाच्या वहीत असतो, आणि ती वही त्याला वाचता येत नाही. त्याचा घोडा असाच ओढला जातो. फक्त आवाज होत नाही.

आम्ही अनेकांसाठी साहेबांचे जिने चढलो, कधी घोडा सुटला, कधी नाही. म्हणून तुमच्याकडे मागणे एवढेच : तुमच्या शेतात येणाऱ्या मजुराचे नाव विचारा, ते हजेरीत लिहा, आणि हिशेब त्याला वाचून दाखवा. निकितीनने जुन्नरची नोंद केली. उद्या हा मजूरही आपल्या गावी जाऊन आपली नोंद सांगणार आहे.