संशोधनाला दिलेला पैसा जातो कोठे?

(वर्धापनदिनी मंडळात झालेले भाषण)



यंदा जमलेल्या निधीतून काही रक्कम एखाद्या विद्यापीठातील वैद्यकीय संशोधनास द्यावी, अशी सूचना मंडळापुढे आली आहे. सूचना स्तुत्य आहे. परंतु हा पैसा आपण पापड-शेवया विकून, रुपयाला रुपया जोडून उभा केला आहे. तो पुढे कसा खर्च होतो, हे जाणून घेणे आपले कर्तव्यच होय.

पुष्कळांना वाटते, देणगी दिली की तिचे औषध होते. तसे नसते. पुण्याच्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या कर्करोग संशोधन केंद्रात शरीरातील पेशी काचपात्रात वाढविण्याची प्रयोगशाळा उभारली आणि स्तनांच्या कर्करोगाचा उंदरांवर अभ्यास केला. अशा कामात पैसा कशाला लागतो? पेशी रोज जोपासाव्या लागतात. उंदरांना दाणापाणी सुटीच्या दिवशीही द्यावे लागते. रसायने, काचसामान, वीज हे आहेच. आणि सर्वांत मोठा खर्च बहुधा माणसांच्या पगाराचा! शिवाय इमारत व हिशेब यांसाठी विद्यापीठही काही भाग ठेवून घेते.

"पगारावरच पैसा गेला," असे म्हणून नाक मुरडू नये. घरात नवी शेगडी आणली, पण रांधणारे कोणी नसले तर मुले उपाशीच राहतात. नावाची पाटी लावलेले यंत्र देण्यास पुष्कळजण पुढे येतात. ते चालविणाऱ्याच्या पगाराला पैसे देणारा विरळा. आणि एखादे औषध निरुपयोगी ठरले, तरी तो खर्च फुकट गेला असे नाही. पुढच्याची वाट तरी चुकत नाही.

मात्र डोळे मिटून देणे हेही दान नव्हे. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजींनी त्यांच्या नावे विश्वस्त निधी स्थापन केला. त्याच्या उत्पन्नाचे चार पंचमांश जगभरच्या रक्तकर्करोगाच्या संशोधनाला आणि एक पंचमांश भारतातील संशोधनाला, अशी वाटणी ठरली. नव्वद वर्षे उलटून गेली, तरी तो निधी चालू आहे. पैसा टाटांचा होता हे खरे. पण हेतू लिहून ठेवण्यास श्रीमंती लागत नाही.

म्हणून धनादेशाबरोबर एक पत्र जावे, असे मी सुचविते. त्यात तीन गोष्टी विचाराव्यात. ही रक्कम कोणत्या कामाला लागेल? संस्थेच्या कारभारासाठी तीतून किती कापले जाईल? वर्षअखेर तपासलेला हिशेब आम्हांस मिळेल काय? रक्कम ठेव म्हणून राहावी की कामाला लागावी, हेही स्पष्ट लिहावे. दहा हजारांची ठेव ठेवली आणि सात टक्के व्याज धरले, तर वर्षाला सातशेच रुपये हाती येतात. आपली रक्कम लहान असल्याने ती चालू कामालाच द्यावी, असे माझे मत आहे.

आपल्या मंडळाचा जमाखर्च आपण दरवर्षी सभेपुढे वाचतो. बुलढाण्याच्या बायकांना पैचा हिशेब द्यावयाची सवय आहे. तो मागावयास संकोच कशाला? उत्तर नीट देईल, त्या संस्थेला आपण आनंदाने द्यावे, आणि पुढील वर्षीही द्यावे.